समुद्रावर मामंजींची चप्पल

आष्ट्याच्या शाळेत मी अकरा वर्षं भूगोल शिकवत होते आणि दरवर्षी सागरी लाटांचा धडा घेत होते. फळ्यावर लाटेची आकृती काढायची, वरच्या टोकाला शीर्ष लिहायचं, खालच्या खोलगट भागाला द्रोणी लिहायचं. हात न थांबता चालायचा. त्या वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं मध्येच विचारलं, "मॅडम, तुम्ही समुद्र बघितलाय?"

मी म्हटलं, "नाही गं."

सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण कान तापले होते. माझं माहेर तासगावचं, द्राक्षबागेतलं. सुट्टीला कुठं जायचं म्हटलं की बागेचं काहीतरी काम निघायचंच. लग्न झालं ते उसाच्या घरात. समुद्र राहूनच गेला.

रात्री जेवताना मी ही गंमत घरात सांगितली. नवरा पोट धरून हसला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मात्र गंभीर झाले. ते फौजेतून निवृत्त झालेले, आणि एकदा जहाजानं अंदमानला जाऊन आलेले. आमच्या घरात समुद्र हा त्यांचा विषय होता.

"काय लिवलंय तुज्या धड्यात?" त्यांनी विचारलं.

"लाटेबरोबर पाणी पुढं जात नाही, मामंजी. पाणी जागच्या जागी गोल फिरतं. पुढं जाते ती नुसती लाट."

त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. "साफ खोटं हाय. मी जहाजात तीन दिवस ओकत हुतो. डोंगराएवडं पाणी अंगावर येत हुतं. आन् तू म्हंतीस पाणी जाग्यावरच हाय?"

"जहाज मग लाटेबरोबर मागं का गेलं नाही?"

"त्याला इंजन हुतं!"

आठवडाभर हेच चाललं. मी चहा दिला की ते म्हणायचे, "पाणी जाग्यावर असतंय म्हनं," आणि कप उचलायचे. शेवटी आत्याबाई, माझ्या सासूबाई, वैतागल्या. "आवं, तुमी दोगं ज्याच्यावरनं भांडताय त्यो समुद्र मी बघितलासुदिक न्हाई. मला दावा की आदी."

मग दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं. ऊसतोडीचं बघायला नवरा घरी राहिला आणि आम्ही तिघं एसटीनं निघालो. कऱ्हाडला गाडी बदलली. पाटण गेलं, कोयनानगर गेलं आणि कुंभार्ली घाटाची वळणं सुरू झाली, तसे मामंजी गप्प गप्प होत गेले. आत्याबाईंनी पिशवीतून लिंबू काढून त्यांच्या नाकाशी धरलं. "हितं कुटं लाट हाय?" असं आत्याबाईंनीच विचारलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत हसू दाबलं.

गुहागरला पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. एका घरी उतरलो, जेवलो, झोपलो. सकाळी नारळी-पोफळीच्या बागेतून जाणाऱ्या पायवाटेनं चालू लागलो, तर आत्याबाई थबकल्या.

"हितं साखर कारखाना हाय व्हय?"

मीही कान दिला. झाडांपलीकडून संथ, जड घरघर येत होती. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की लांबून येते तशीच, फक्त ही मध्ये मध्ये थांबून श्वास घेत होती. दहा पावलं पुढं गेलो आणि झाडं संपली.

आत्याबाईंनी हात जोडले. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की अकरा वर्षं फळ्यावर काढलेली ती आकृती किती गरीब होती असं वाटलं, आणि तरी समोरची प्रत्येक लाट मला ओळखता येत होती. हे शीर्ष, ही द्रोणी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच हसूही आलं.

"वारं तर पडलंय," आत्याबाई म्हणाल्या. "पान हालंना झालंय. मग ह्या लाटा कुटनं याला लागल्यात?"

"लांबून, आत्याबाई. तिकडं भर समुद्रात कुठंतरी जोराचा वारा सुटला असेल. दोन-चार दिवसांपूर्वीसुद्धा. वारा थांबला तरी लाटा चालत राहतात."

"म्हंजे वारं तितंच राहिलं आन् लाट हितवर आली." त्यांना ते फार आवडलं. त्या वाळूत बैठक मारून बसल्या.

मामंजींनी विजारीच्या घड्या गुडघ्यापर्यंत केल्या आणि समुद्राकडं पाठ करून ते आम्हाला समजावायला उभे राहिले. "ही बगा. आली. पाणी आलं का न्हाई माज्या पायावर? आता काय म्हनं तुजा धडा?"

"आवं, मागं बगा!" आत्याबाई ओरडल्या.

दोन लाटा एकमेकींना गाठून एकच झाल्या होत्या. ती मोठी लाट मामंजींच्या थेट कमरेवर आदळली. ते मटकन बसले. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. परतणारं पाणी पायांखालची वाळू ओढून नेत होतं, आणि वाळूबरोबर त्यांची एक निळी रबरी चप्पलही गेली.

"लागलं का, मामंजी?"

"चप्पल! चप्पल बग आदी!"

चप्पल लाटा फुटतात त्याच्या पलीकडं जाऊन पडली. आम्ही तिघं उभे राहून बघू लागलो. एक लाट आली. चप्पल वर चढली, थोडी पुढं आली, लाट तिच्याखालून निघून गेली आणि चप्पल मागं सरकून खाली उतरली. दुसरी लाट आली. पुन्हा तेच. सात-आठ लाटा किनाऱ्याला येऊन फुटल्या, चप्पल मात्र जवळजवळ तिथंच झोके घेत होती.

आत्याबाई म्हणाल्या, "आवं, ह्यात नवल काय हाय? वारं सुटलं की आपल्या उसातनं लाट जाती का न्हाई, ह्या बांधापासनं त्या बांधापातुर? ऊस कवा गेलाय का?"

मामंजी ओल्या कपड्यांनी तसेच उभे होते. मग ते म्हणाले, "पन माज्या अंगावर पाणी आलं ते?"

"इथं खोली कमी होते ना," मी म्हटलं. "लाटेचा खालचा भाग तळाला घासतो आणि मंदावतो. मागच्या लाटा मात्र..."

"थांब, थांब." त्यांनी हात वर केला. "परेडला पुढची रांग हळू झाली की मागची तिच्यावर चढती. दाटी हुती. आन् ज्याचा पाय अडकतोय त्यो तोंडावर पडतोय."

"अगदी तसंच. काठाशी लाट तोंडावर पडते, तेव्हा मात्र पाणी खरंच पुढं येतं. म्हणजे तुमचंही बरोबर होतं."

"व्हय तर," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले.

तेवढ्यात चप्पल हळूहळू सरकत फुटणाऱ्या लाटांत सापडली आणि पार पन्नास पावलं लांब किनाऱ्यावर फेकली गेली. बहात्तर वर्षांचे मामंजी तिच्यामागं पळत सुटले. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. आत्याबाई वाळूत बसून पदरात तोंड लपवून हसत होत्या, इतक्या की त्यांना ठसका लागला. आमच्या घरात येऊन मला बारा वर्षं झाली होती, पण त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी परतलो. चिपळूणहून गाडी निघाली तेव्हा मामंजी शेजारच्या प्रवाशाला तळ, खोली, परेडची रांग असं सगळं हातवारे करून सांगत होते. घाट लागला तरी त्यांना लिंबाची आठवण झाली नाही.

"तुम्ही मास्तर होता काय?" त्या माणसानं आदरानं विचारलं.

"न्हाई, मी फौजेतला," मामंजी म्हणाले आणि माझ्याकडं अंगठा केला. "मास्तरीण ती हाय, आमची सूनबाई. तिला इचारा, तीबी बरोबरच सांगंल."