मागून येणारं वादळ

राजाजीनगरच्या प्रतापराव घोरपड्यांनी उभा जन्म बेंगळुरूच्या रस्त्यांवर बस चालवली. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला, पोराला चेन्नईला बोटीवर चढवायला गेले तेव्हा. पोरगा गिरीराज टगवर इंजिन सांभाळायचा. टग म्हणजे मोठ्या जहाजांना नि बिनइंजिनाच्या सपाट मालवाहू बार्जना दोर लावून ओढणारी बुटकी, दणकट बोट. "बंद पडलेली बस आम्ही दुसऱ्या बसला बांधून डेपोत आणायचो, तसलंच की हे," असं ते शेजाऱ्यांना सांगत, आणि सांगताना त्यांची मान जरा ताठ होई.

सून हर्षिता डोळ्यांच्या दवाखान्यात काम करायची. वारे आणि बोटी दाखवणारा नकाशा सासऱ्यांच्या मोबाइलवर तिनंच घालून दिला होता. घरी बसून नुसता जीव खालीवर होण्यापेक्षा काय ते डोळ्यांनी दिसलेलं बरं. प्रतापरावांना त्याचा नादच लागला. दिवाळी सरली, अंदमानच्या बाजूला ढग जमायला लागले, की त्यांचा सकाळचा कॉफीचा लोटा तसाच गार होऊन जाई.

त्या नोव्हेंबरात तसेच ढग जमले. आधी ते नुसते घुटमळत राहिले, मग नकाशावर त्यांना भोवरा पडला. हवामान खात्यानं नाव द्यावं एवढं ते वादळ अजून वाढलं नव्हतं. गिरीराजची टग तेव्हा पोर्ट ब्लेअरला होती. रिकामा बार्ज ओढत तिला चेन्नईला यायचं होतं.

दुपारी त्याचा फोन आला. "अण्णा, उद्या निघा म्हणतायत. माझं मन घेत नाही."

"मग रे?"

"आजारी आहे सांगून उतरतो. इंजिनाला दुसरा माणूस मिळेपर्यंत टग जागची हलायची नाही. पण मग ही कंपनी मला पुन्हा घ्यायची नाही. काय करू, तुम्हीच सांगा."

"स्वल्प थांब," प्रतापराव म्हणाले. "मी ऑफिसात विचारून येतो."

कंपनीचं ऑफिस जे. पी. नगरला होतं. बोटी कुठून कधी सोडायच्या ते पाहणारा सुहास हा पुण्याकडचा तरुण. तिथे कुणी मराठीत बोलेल असं प्रतापरावांच्या ध्यानीमनीही नव्हतं. सुहासनं त्यांना खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"काका, हे बघा. परवापर्यंत वादळ उत्तरेला वळतंय, जवळजवळ सगळी मॉडेल्स हेच दाखवतायत. आपली टग जाणार पश्चिमेला. दोघांच्या वाटाच वेगळ्या."

"आणि नाही वळलं तर?"

"चान्स फार कमी आहे. माझा सख्खा भाऊ टगवर असता, तरी मी निघच म्हटलं असतं."

सुहास खोटं बोलत नव्हता. जे दिसत होतं तेच त्यानं सांगितलं. प्रतापरावांच्या मनावरचं ओझं उतरलं. बाहेर बसस्टॉपवर उभं राहूनच त्यांनी फोन लावला. "निघ तू. आपल्यातलाच पोरगा आहे तिथे, सगळं समजावून सांगितलं त्यानं मला."

 गिरीराज म्हणाला, "सरी, अण्णा. निघतो."

संध्याकाळी हर्षितानं ते ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही निघ म्हणालात?"

"म्हटलं."

तिनं स्वतःच्या मोबाइलवर नकाशा उघडला.

सुरुवातीला वादळ खरंच उत्तरेकडे झुकलं. प्रतापराव देवापुढे दिवा लावून आले. दुसऱ्या दिवशी वादळ थबकलं, जागच्या जागी फुगलं, त्याला नाव मिळालं, आणि तोंड फिरवून ते पश्चिमेला निघालं. त्याच्या पुढे टग होती, पाठीला बार्ज बांधलेला. उतारावर मागून ब्रेक गेलेली लॉरी यावी आणि आपल्या पायाखाली नुसतं रांगणारं इंजिन असावं, तशी ती गत होती, आणि बस हाकलेल्या माणसाला ती कुणी समजावून सांगायला नको होती.

ते सुहासला फोन करत राहिले. तोही प्रत्येक वेळी उचलायचा. "कॅप्टनला बार्ज सोडून द्यायला सांगितलंय, काका," एकदा तो म्हणाला, आणि त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. नकाशावर टगचा ठिपका अधूनमधून उमटायचा. मग तो उमटेनासा झाला.

सुहास सकाळी स्वतः घरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. एका मालवाहू जहाजाला टगवरचे काहीजण तराफ्यावर सापडले होते. त्यांत गिरीराज नव्हता.

"खाली पाणी शिरत होतं. तो पंप चालू ठेवत होता. म्हणून बाकीच्यांना तराफ्यात उतरता आलं."

"तो वर का नाही आला?" हर्षितानं विचारलं.

 सुहास प्रतापरावांच्या पायाशी वाकायला गेला. त्यांनी पाय मागे घेतले. रागानं नव्हे; कुणी आपल्या पाया पडावं एवढीही आपली लायकी उरली नाही असं त्यांना वाटलं.

पुढे वादळ नेल्लोरच्या अंगाला किनाऱ्यावर चढलं, जमिनीवर मोडलं आणि त्याचे उरलेसुरले ढग बेंगळुरूवर आले. दिवसभर भुरभुर चालू होती. वाळत घातलेले कपडे दमट राहिले. कोपऱ्यावरचे कृष्णमूर्ती बरेच दिवस लेकीकडे होते, त्यांना काही ठाऊक नव्हतं. छत्रीतून जाता जाता ते कन्नडमध्ये म्हणाले, "काय छान गारवा आणला हो या वादळानं, प्रतापराव!"

प्रतापरावांनी मान हलवली. कृष्णमूर्ती गेल्यावर पायरी उतरून ते पावसात उभे राहिले. हेच ते पाणी, असं काहीतरी मनात आलं, आणि हात पुढे करून त्यांनी ते तळव्यावर घेतलं. पाऊस इतका बारीक होता की तळवा धड भिजतही नव्हता.

हर्षिता दारात आली. त्या सकाळपासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"अण्णा, आत या."

"तो मला विचारत होता गं. मी निघ म्हटलं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

तुमची चूक नाही, असं ती म्हणेल म्हणून प्रतापराव तिच्याकडे बघत राहिले.  ती दार उघडंच ठेवून आत गेली.