पाहुण्यांपुढची मोजणी

कळवणच्या पश्चिमेला डोंगर सुरू होतात तिथे चौदा घरांचा एक पाडा आहे. तिथली एक रीत होती. कोणाच्या मुलीची सोयरीक जुळवायला पाहुणे येणार असले, की आदल्या दिवसापासून त्या घराकडे सामान निघे. एका घरून पितळी घागर, एका घरून स्टीलची ताटे, कुठून सतरंजी. याला उसने आणणे असे कोणी म्हणत नसे. पाहुणे एका दारात उतरले तरी ते सगळ्या पाड्याचे पाहुणे, एवढेच.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात हे सामान नवसाबाईच्या कुडाच्या घरात येऊन बसले. नवरा वारून सहा वर्षे झाली होती. घरात तिची स्वतःची म्हणावी अशी दोन पातेली आणि एक तवा. मुलगी ज्योत्स्ना मात्र आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, आणि तिला बघायला खालच्या गावचा पुंजा आपल्या मुलाला घेऊन आला होता. शेजारच्या लंकाबाईने लोखंडी खाट दिली होती, वर रेडिओही आणून ठेवला होता. “वाजू दे गं, घर भरल्यावानी वाटतं,” असे म्हणाली होती.

पाहुण्यांच्या हातात चहाचे कप होते तेव्हाच किशोर गुरुजी दारात उभे राहिले. काखेत फॉर्मांचा गठ्ठा, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. दारिद्र्यरेषेची पाहणी एका दिवसात उरकायची होती. नवसाबाईने त्यांनाही खाटेवर बसवले, पुंजाच्या शेजारी.

“रेडिओ चालतो का, बाई?”

“चालतो म्हणजे?” पुंजाच हसून म्हणाला. “मघापासून बाजारभाव ऐकून कान किटले आमचे.”

“आणि ही खाट तुमचीच?”

नवसाबाईने आतल्या दाराकडे पाहिले. ज्योत्स्ना ताट धरून उभी होती, तिची मान खाली होती.

“व्हय. आमचीच.”

“दोन वेळचं जेवण वर्षभर पुरतं का?”

हा प्रश्न कठीण होता. श्रावणात भाकरीची नागली संपली की मायलेकी रानातले कंद उकडून दिवस काढत. पण पुंजाने चहा फुंकणे थांबवले होते. ओठांपाशी थबकलेल्या त्याच्या कपाकडे बघत ती म्हणाली, “पुरतं की, गुरुजी. कोणी उपाशी नाय निजत आमच्या घरात.”

गुरुजींनी लिहिले. दोरीवर वाळत घातलेली लुगडी त्यांनी स्वतःच मोजली. तीही पाच घरांतून आणलेली होती.

मग ते उरलेल्या घरांत गेले. लंकाबाईच्या घरात चूल आणि एक फाटकी घोंगडी होती. “काहीच नाही का हो घरात?” त्यांनी विचारले. “नाय,” लंकाबाई म्हणाली. त्या दुपारी तरी ते खरेच होते.

सोयरीक जुळली. वैशाखात लग्न झाले आणि ज्योत्स्ना सुखाने नांदू लागली. नवसाबाईला त्या फॉर्माची आठवणही राहिली नाही. जुन्या पिवळ्या कार्डावर तांदूळ मिळत होता, आणि पाहणीची यादी काही लवकर लागली नाही. तीन-चार वर्षे गेली.

यादी लागली तेव्हा ग्रामपंचायतीच्या भिंतीपाशी पाड्यातला बारकू घरोघरचे गुण मोठ्याने वाचत होता. “नवसाकाकू, शाळेचं तोंड नाय बघितलंस, तरी पाड्यात सगळ्यात जास्त गुण तुझे!” सगळे हसले. तीही हसली. मग बारकूचे बोट कागदाच्या टोकापर्यंत जाऊन परत वर आले. ज्याला गुण कमी तो गरीब, असा तो कागद होता. त्याखाली गरिबांची वेगळी यादी होती, तीत तेरा घरांची नावे होती. तिचे नव्हते. पुढच्या महिन्यात दुकानदाराने तिचे पिवळे कार्ड ठेवून घेतले.

ग्रामसेवक माणूस बरा होता. “मावशी, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत हरकत घ्या. वस्तू माझ्या नव्हत्या म्हणा. मात्र ज्याच्या होत्या त्यानं उठून सांगितलं पाहिजे.”

“सांगतील की.”

“मग त्या वस्तू त्यांच्या फॉर्मात चढणार.”

“आणि त्यांचं नाव?”

त्याने टोपण पेनावर लावले, पुन्हा काढले. “गुण वाढले तर जाणार. माझ्या हातात काय आहे?”

लंकाबाईच्या नवऱ्याला खडीच्या खाणीवर छातीचे दुखणे जडले होते. घरात खाणारी पाच तोंडे. यादीत नाव आले म्हणून त्यांना घरकुल मंजूर झाले होते आणि पायाचे दगड अंगणात येऊन पडले होते. पुढचा पंधरवडा लंकाबाई नवसाबाईला टाळून पाण्याला वेगळ्या वेळी जात राहिली.

ग्रामसभेत नवसाबाईचे नाव पुकारले गेले. ती उठली. समोर बायकांत लंकाबाई पदर तोंडाशी धरून बसली होती.

“त्या दिवशीची खाट, रेडिओ, भांडी कोणाची होती, मावशी?” ग्रामसेवकाने विचारले.

“माझीच हुती,” नवसाबाई म्हणाली. “आता नाय. मोडलं समदं.”

“मोडलेलं लिहायला जागा नाही यात. त्या दिवशी घरात काय होतं, तेवढंच धरतात.”

“मग असू द्या.”

ती खाली बसली. पुढचे नाव पुकारले गेले.

परतताना चढणीवर लंकाबाईने तिला गाठले. भाताची लावणी झालेली, खाचरांतून पाणी सुटल्याचा आवाज येत होता.

“मी उठणार हुते, नवसे. पाय उचलले नायत.”

“ठाऊक हाय.”

“दर महिन्याच्या तांदळातलं निम्मं तुझं. देवाची आण.”

नवसाबाईने त्या घरातली पाच तोंडे मनात पाहिली. पहिला महिना निम्मं येईल, दुसराही येईल. मग कधी पायली, कधी ओंजळ. आणि ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी लंकाबाई पुन्हा पाण्याची वेळ बदलेल.

“लंके,” ती म्हणाली, “निफाडच्या द्राक्षबागांचा ट्रक कधी येतो गं?”

“दसरा झाला की, छाटणीला. का?”

“मुकादमाला सांगून ठेव. एक बाई वाढली म्हणावं.”

“ह्या वयात? खाली बागेत ताडपत्रीखाली निजावं लागतं, नवसे!”

“निजेन की,” नवसाबाई म्हणाली, आणि दम लागला तरी न थांबता चढू लागली.