एक नग, दुरुस्तीसाठी

अंबादास इंगळेची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी शेवटच्या घटका मोजत होतो. निदान माझं तसं म्हणणं होतं.

१९८१ सालची गोष्ट. मुलुंडला आग्रा रोडवर आमचा पंपांचा कारखाना आणि मी तिथल्या टाइम ऑफिसात कारकून. दुपारी पावणेएकला मला अचानक अपेंडिक्स झालं. तीनच्या खेळाची तिकिटं मेहुण्याने काढून ठेवली होती, त्यामुळे याहून उशिरा होऊन चालण्यासारखं नव्हतं. मी अशी काही किंकाळी फोडली की ठाण्याच्या खाडीवरचे बगळे उडाले असावेत. दोन शिपायांनी मला उचललं. वाटेत स्टोअरकीपरने माझे मागचे सगळे अपराध जाहीरपणे माफ केले. टायपिस्ट मुलीने मशीनमध्ये कोरा कागद घातला आणि माझं पूर्ण नाव काय म्हणून चौकशी केली. कँटीनवाल्याने उसळीखालचा गॅस बंद केला. एवढा मान मला नंतर माझ्या लग्नातही मिळाला नाही.

फर्स्ट-एडच्या खोलीत त्यांनी मला एका उंच टेबलावर ठेवलं आणि समोर हा उभा. पाच फुटांच्या आतबाहेरचा, खाकी शर्ट, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. रस्त्यावरच्या गारुड्याकडे शाळकरी पोराने बघावं तसा तो माझ्याकडे बघत होता, म्हणजे टोपलीतून आता काय निघतंय, अशा उत्सुकतेने.

"कुठं दुखतं?"

मी बरोबर जागा दाखवली. आदल्या रात्री मासिकात वाचून ठेवली होती.

"खाली उतरा. आता पायाच्या बोटांवर उभे राहा आणि धाडकन टाचांवर पडा."

मी पडलो.

"आता उडी मारा."

मी मारली. उडी चांगली जमली, म्हणून त्याने आणखी दोन मारायला लावल्या. मग खणातून वर्तमानपत्राची पुडी काढून माझ्या नाकासमोर उघडली. आत बटाटेवडा होता, गरम.

"खाता?"

मला डोळ्यांना आवर घालता आला नाही.

"अपेंडिक्सवाला वड्याकडं असा बघत नाही साहेब," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "त्याला वासच नको होतो. आणि उडी मारा म्हटलं तर तो मला मारायला येतो. सिनेमा कोणता?"

मी सांगितला.

"बरा आहे म्हणतात." त्याने अर्धा वडा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला आणि रजिस्टरात लिहिलं, 'पोटदुखी. थांबली.'

तेव्हापासून आमची मैत्री. 'साहेब'चा 'तू' व्हायला आठवडाही लागला नाही.

अंबादास बुलढाण्याकडचा. तिकडे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सहा वर्षं वॉर्डबॉय होता, मग मेहुण्याच्या ओळखीने मुंबईला आला. राहायला मानखुर्दला. त्याच्याकडे सर्टिफिकेट असं काही नव्हतं. कारखान्याचे खरे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी तीन ते चार येत. आजार मात्र उरलेल्या वेळातही होत, तेव्हा सगळं खातं याच्याकडे. कामगार त्याला डॉक्टर म्हणत, निम्मे चेष्टेने आणि निम्मे गरज असेल तेव्हा. वर्षातून एक दिवस, चौदा एप्रिलला, तो रजेवर असे आणि त्या दिवशी कारखान्यात कोणीही आजारी पडत नसे. सोंग तपासायलाच माणूस नसेल तर ते घेण्यात काय मजा आहे?

त्याच्या चौकश्या ऐकण्यासारख्या असत. डोकं दुखतं म्हणून आलेल्याला तो विचारी, "घरी कोण पाहुणे आलेत?" चक्कर येते म्हणणाऱ्या पॅकिंगमधल्या शकूला त्याने विचारलं, "आज चतुर्थी का गं?" ती हो म्हणाली. "मग चक्कर कुठली, तुला भूक आली आहे," म्हणून त्याने तिला गूळ-शेंगदाणे चारले. "उपास मोडला ना रे माझा," म्हणून ती पुढे आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण चक्कर गेली.

एकदा प्रेस शॉपमध्ये पत्रा सटकला. दोघांना लागलं. एक जण खोलीच्या दारातच आडवा पडून आईला हाका मारत होता. दुसरा मागे बाकावर हाताला चिंध्या गुंडाळून गप्प बसला होता. अंबादास पहिल्याला सरळ ओलांडून दुसऱ्याकडे गेला.

"अरे, तो मरतोय ना इकडे," मी म्हणालो.

"तो ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे, ते इथून ऐकू येतं. हा काऊन गप्प आहे ते बघू दे."

चिंध्या सोडल्या तर आत मनगटाची शीर कापलेली. अंबादासने अंगठ्याने ती दाबून धरली आणि हॉस्पिटल येईपर्यंत अंगठा हलवला नाही. परत आल्यावर त्याला त्या अंगठ्याने चहाचा कप धरता येईना. ओरडणाऱ्याला टिंक्चर लागलं तेव्हा मात्र तो खरोखर ओरडला.

मी विचारलं, "तुला कळतं कसं रे?"

"कळत नाही. मी फक्त बघतो, सांगणारा वाढवून सांगतोय की कमी करून. वाढवून सांगणाऱ्याला खुर्ची द्यायची. कमी करून सांगणाऱ्याला सोडायचं नाही."

आता गुणाजी घाडी. टर्निंग सेक्शनमधला जुना माणूस, मालवणकडचा. गिरणीतून आमच्याकडे आलेला. हा आयुष्यात कधीही कमी करून न बोललेला गृहस्थ. गावच्या माशाची लांबी सांगताना त्याला दोन्ही हात पुरत नसत. त्याच्या नावावर चोवीस वर्षं आणि साडेअकरा महिने होते, आणि त्यात आजारपणाची एकही नोंद नव्हती. आमच्या कंपनीत प्रथा अशी की पंचवीस वर्षं ज्याचं रजिस्टर कोरं, त्याला जानेवारीत स्टेजवर बोलावून लंबकाचं मोठं घड्याळ द्यायचं. हे घड्याळ आजवर एकालाही मिळालं नव्हतं. त्याच्या बायकोने, जानकीवहिनींनी, भांडुपच्या खोलीत भिंतीला खिळा ठोकून घेतला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो खिळा दाखवत होत्या.

१९८६ च्या डिसेंबरची एकोणीस तारीख, सकाळचे साडेदहा. मी अंबादासकडे चहा प्यायला बसलो होतो. गुणाजी दारात आला. हाक नाही, शिवी नाही, थट्टा नाही. भिंतीला एक हात लावून उभा.

"डाक्टर, वायच सोडा दी. जळजळता."

"बसा गुणाजीभाऊ."

"बसतंय कशाक? मशीन चालू आसा. आणि ह्या बघ, रजिस्टरात लिव नको."

अंबादासने त्याला सोडा दिला. गुणाजी प्यायला, मोठा ढेकर दिला. मी म्हणालो, "झालं काम." अंबादास माझ्याकडे बघतही नव्हता.

"कुठं जळजळतं ते दाखवा."

गुणाजीने छातीच्या मधोमध मूठ ठेवली. बोट नव्हे, मूठ. आणि ती तिथेच राहिली.

"किती दुखतं?"

"दुखना नाय रे. वायच दाबल्यासारा."

"हातात?"

"डाव्या हातात वायच. तो मशीनचो. काय झाला नाय माका."

मी आठवून बघू लागलो, गुणाजीने 'वायच', म्हणजे थोडंसं, हा शब्द यापूर्वी कधी वापरला होता का. सापडेना. अंबादासने त्याच्या कपाळावर हाताची मागची बाजू टेकवली आणि मला म्हणाला, "तू लाव." डिसेंबरची सकाळ, आम्ही दोघं स्वेटरमध्ये, आणि या माणसाचं कपाळ ओलं. ओलं आणि गार.

अंबादासने मला बाहेर नेलं. "हा सोडा पिऊन ढेकर देऊनही मूठ सोडत नाही. हार्ट आहे."

"पक्कं?"

"पक्कं मशीन लावल्याशिवाय कोण सांगणार? मी चुकलो तर ते मला हसतील. तो चुकला तर जाईल. गाडी पाहिजे, आत्ता."

गाडी म्हणजे कंपनीची मॅटॅडोर आणि ड्रायव्हर कुंडलिक. कुंडलिक देवमाणूस, पण कागदाशिवाय तो स्वतःच्या बायकोलाही गाडीत घेत नसे. आजारी कामगार बाहेर न्यायचा तर पर्सोनेल ऑफिसर नंदकुमार सबनीस यांची सही लागे, आणि सबनीस त्या दिवशी फोर्टला हेड ऑफिसात मीटिंगला. फोन केला. साहेब आत आहेत, निरोप ठेवा.

आत गुणाजीचं वेगळंच चाललं होतं. "मी खय जावचंय नाय. बारा दिवस ऱ्हवलेत. तेरा दिवसांनी ने माका, खय नेवचा थय ने."

अंबादास त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. एरवी तो कोणासमोर वाकलेला मी पाहिला नव्हता.

"भाऊ, रजिस्टरात लिहीत नाही. माझा शब्द. पण चला."

"ना लिवता भायर कसो जातलंय? गेटार थांबवतले."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. कारण गेट पास लिहिणारा मी.

मी तसा भित्रा माणूस आहे. नियमाबाहेर मी आयुष्यात एकच काम केलं होतं, ते म्हणजे मघाचं अपेंडिक्स. चहाला येताना बरोबर आणलेली माझी पासांची दोन बुकं समोरच होती. पांढरं माणसांचं, त्यावर सबनीसांची सही हवी. पिवळं मालाचं, त्यावर माझी एकट्याची चाले. मालाच्या पासातही एक प्रकार असतो, परत येणाऱ्या मालाचा. मोटर बिघडली, गेज बिघडला की तो बाहेर दुरुस्तीला पाठवायचा आणि आल्यावर नोंद मिटवायची. अंबादासने घड्याळाकडे बघितलं नाही, मला घाई कर म्हणाला नाही, नुसता गुणाजीच्या नाडीवर बोट ठेवून बसला. त्याचं ते बोट बघून मी पिवळं बुक ओढलं. मालाचे वर्णन: टर्निंग सेक्शन, जुने. संख्या: एक नग. कारण: दुरुस्तीसाठी. परत येणार: होय.

"वजन टाक," कुंडलिक पास वाचून गंभीरपणे म्हणाला. "वजनाशिवाय वॉचमन सोडत नाही."

"तुमचं वजन किती, भाऊ?" मी विचारलं.

"बासष्ट," गुणाजी म्हणाला. "पण जेवणानंतर घे हां, चौसष्ट."

अंबादासने त्याला एक पाऊल चालू दिलं नाही. खुर्चीसकट चौघांनी उचलून मॅटॅडोरमध्ये ठेवला. गेटवर धोंडिराम वॉचमनने पास घेतला, आत डोकावला, खुर्चीत मूठ धरून बसलेला गुणाजी बघितला, पुन्हा पास बघितला.

"बासष्ट किलो," तो म्हणाला, आणि गेट उघडलं.

हॉस्पिटलात त्यांनी छातीला वायरी लावल्या, पट्टी निघाली आणि तिथला तरुण डॉक्टर धावायला लागला. नंतर त्याने बाहेर येऊन विचारलं, ओळखलं कोणी? अंबादास माझ्या मागे उभा राहिला. "त्याने ढेकर दिल्यावरही मूठ सोडली नाही," एवढंच तो म्हणाला, आणि मग लगेच, "ती पट्टी बघायला मिळेल का?" डॉक्टरने दाखवली. ती वरखाली रेघ अंबादास कितीतरी वेळ बघत होता. "इथं चढायला नको होती, नाही का," असं त्याने एका ठिकाणी बोट ठेवून विचारलं. डॉक्टरने त्याच्याकडे नीट बघितलं आणि खुर्ची ओढून त्याला दहा मिनिटं समजावलं. जानकीवहिनी आल्या तेव्हाही हा त्या पट्टीतच होता. वहिनींना सगळं मीच सांगितलं, वाढवून.

गुणाजी वाचला. अकरा दिवस हॉस्पिटलात, मग दोन महिने घरी, मग हलक्या कामावर. घड्याळ अर्थात गेलं. आल्या दिवशी त्याने आम्हाला आपल्या हार्ट अटॅकची लांबी दोन्ही हातांनी दाखवली, आणि अंबादास मला हळूच म्हणाला, "बरा झाला."

सबनीसांनी चौकशी लावली. माणूस मालाच्या पासावर कसा गेला हा प्रश्न तीन बैठकांत चर्चिला गेला. मी लेखी माफी मागितली. नग परत आल्यावर पासाची नोंद मीच मिटवली, तिला कोणी हरकत घेतली नाही. अंबादासला त्यांनी विचारलं, तुमचं शिक्षण काय? त्याने सांगितलं, सातवी. निदान करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? तो म्हणाला, निदान डॉक्टरांनी केलं साहेब, मी नुसतं बघितलं. ते उत्तर फायलीत गेलं. त्यात पुढे असंही नोंदवलं गेलं की फर्स्ट-एडच्या खोलीत पात्रता असलेली व्यक्ती नाही, ही त्रुटी कारखान्याच्या लक्षात या प्रकरणामुळे आली.

१९८७ च्या एप्रिलमध्ये कंपनीने सर्टिफिकेट असलेली नर्स नेमली. अंबादासची बदली स्टोअरमध्ये झाली. गेली दोन वर्षं तो तिथे नटबोल्ट वाटतो.