पेलाभर ओव्याचं पाणी

पुण्याच्या सरकारी इस्पितळातून मला घरी सोडलं, त्या सकाळी डॉक्टर कॉटजवळ आले आणि घाईघाईत चार गोष्टी सांगून गेले. जड उचलायचं नाही. खोकला आला तर कुशीवर उशी दाबून धरायची. रोज थोडं थोडं चालायचं. चौथी गोष्ट मात्र त्यांनी बोट उगारून सांगितली. "पाणी. तांब्यामागून तांब्या प्यायचं. लघवी पाण्यासारखी स्वच्छ दिसली पाहिजे. उजवी किडनी आधीच दमली आहे. पुन्हा खडा झाला तर ती वाचेलच असं मी सांगू शकत नाही."

मी "हो सर" म्हणालो. आई तेव्हा बाहेर व्हरांड्यात गाठोडं घेऊन उभी होती. डॉक्टरांसमोर आत यायला ती बिचकायची. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हनले?"

"जपायला सांगितलंय," मी म्हणालो. टाके ओढत होते आणि जास्त बोलवत नव्हतं.

जपायचं कसं, हे आईला पक्कं ठाऊक होतं. आमच्या घराण्यात तोवर कुणाचं ऑपरेशन झालं नव्हतं, जसं कुणी कॉलेजातही गेलं नव्हतं. तिनं बाळंतिणी मात्र कितीतरी निभावल्या होत्या. माझी कूस पाठीपासून पोटापर्यंत उघडली, आतून चिंचोक्याएवढा खडा काढला आणि परत शिवलं, हे ऐकल्यावर हेही बाळंतपणच, याबद्दल तिच्या मनात शंका उरली नाही. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधल्या आमच्या एकुलत्या खोलीत तिनं बाज टाकली. बाजेखाली शेगडी आली, शेगडीत ओवा आणि वावडिंग. खिडकीला पोतं लावलं. माझ्या कानाला फडकं बांधलं. दार लोटून घेतलं.

शेजारची मावशी बघायला आली. तिचे यजमान गँगमन होते आणि तिचा आवाज सगळ्या चाळीला ऐकू जाई.

"काय झालं गं? पोरगा का पोरगी?"

"दगूड झाला," आई म्हणाली.

"आता बारसं कवा?"

दोघी हसल्या. मलाही हसू आलं, पण हसलं की कूस फाटल्यासारखी वाटे. मी उशी दाबून धरली आणि भिंतीकडे तोंड केलं. एकोणीस वर्षांचा मुलगा, धुरात कान बांधून पडलेला. कुणी मित्र येऊ नये एवढंच वाटत होतं.

खरी अडचण पाण्याची होती. ओल्या बाळंतिणीला पाणी बेतानं द्यायचं, नाहीतर आतली जखम पिकते, असं आईकडच्या बायका मानत. मला ओवा घालून उकळलेलं पाणी मिळे, सकाळ-संध्याकाळ पेलाभर. आणखी मागितलं तर ती म्हणे, "वली जखम हाय. वल्या जखमेवर पानी वतत्यात व्हय?" तिची थोरली बहीण बाळंतपणात तापानं गेली होती. ती चोरून गार पाणी प्यायली म्हणून गेली, असं घरात सांगत. आई तेव्हा लहान होती आणि बहिणीच्या उशाशी तिलाच बसवलं होतं. हे मला माहीत होतं. म्हणून तर बोलणं कठीण होतं. तू मला जपत नाहीस, उलट करते आहेस, असं तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? थोडं काही बोललो की ती म्हणे, "आता कालिजातनं येऊन आईला शिकीव."

क्वार्टरच्या मागे लोको शेड. तिथल्या उंच खांबाला पाण्याची सोंड होती. वाफेचं इंजिन खाली येऊन उभं राहिलं की फायरमन सोंड ओढून घेई आणि पाण्याचा लोट टाकीत कोसळू लागे. दौंडला आल्यापासून रोज ऐकलेला तो आवाज तेव्हा मात्र ऐकवेना. अंधारात पडल्या पडल्या मी तो शेवटपर्यंत ऐकायचो. टाकी भरून पाणी बाहेर सांडायला लागलं की तेही कळायचं. जीभ टाळूला चिकटलेली असायची.

कोपऱ्यातल्या डब्यात लघवी करताना मी रंग बघत असे. कोऱ्या चहासारखा. आणि कुशीत, टाक्यांच्या खूप आत, पूर्वीसारखं काहीतरी ठणकायला लागलं होतं. ती जखम होती की नवा खडा, मला कळत नव्हतं. कळायचा मार्गही नव्हता. खोलीत डॉक्टरांचं बोलणं ठाऊक असलेला माणूस मी एकटाच, आणि मीच गप्प.

शेवटी वडिलांना सांगितलं. ते शेडमध्ये इंजिनं धुणारे-पुसणारे खलाशी होते. नुकतेच ड्युटीवरून आले होते, हात काळे होते.

"तिला कोन सांगनार?" ते हळूच म्हणाले. तरी त्यांनी प्रयत्न केला. जेवायला बसताना म्हणाले, "अगं, इंजनाला बी पानी लागतं. पानी कमी पडलं तर बायलर फुटतंय."

"माझं लेकरू काय इंजन हाय? आन् तुमचं इंजन कवा बाळंत झाल्यालं बघितलंय का?"

वडिलांनी भाकरी मोडली आणि खाली मान घालून जेवू लागले.

पुढच्या दुपारी आई नळावर गेली. मी बाजेवरून उठलो. भिंतीला धरून माठापर्यंत गेलो. माठ जमिनीलगत तिवईवर होता आणि मला वाकता येत नव्हतं. गुडघे वाकवायला गेलो तर कुशीत कळ आली. झाकणीपर्यंत बोटं पोचेनात. तसाच उभा राहिलो.

तेवढ्यात आई कमरेवर घागर घेऊन आत आली. "काय पायजे? हाक मारायची न्हाई का?"

"कायी न्हाई," मी म्हणालो. तोंडातून ते आपोआप निघालं. तिनं घागर ठेवली, माझा दंड धरला आणि बाजेकडे न्यायला लागली. बाजेवर पुन्हा पडलो तर पुन्हा कधी उठायचं धाडस होणार नाही, असं मला वाटलं. मी भिंत धरून थांबलो.

"आई, पानी दे. पेलाभर नको. तांब्या भरून दे."

"पिकंल रं लेकरा."

"डॉक्टरनी सांगितलंय. पानी कमी पडूनच खडा झाला. परत झाला तर किडनी जाईल."

"तू तर म्हनला जपायला सांगितलंय." मग ती रागानं म्हणाली, "आन् तुला पानी प्यायला कवा कुनी नगं म्हनलं?"

आम्ही दौंडला येण्याआधी मी शिरूरकडे, गावच्या शाळेत होतो. आमच्या वस्तीतल्या पोरांनी तिथल्या माठाला हात लावायचा नव्हता. ते आईला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"साळंत वरनं वतायला कुनाला तरी हाक मारावी लागायची," मी म्हणालो. "मी न्हाई मारायचो. घरी येस्तवर तसाच ऱ्हायचो. मग तान लागायचीच बंद झाली. कॉलेजात बी न्हाई लागत."

"कवा बोलला न्हाईस."

"तू काय केलं असतंस?"

ती बाजेच्या कडेला बसली. शेगडीतला ओवा तडतडत होता. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "थोरली बी लई मागत व्हती. म्या दिलं न्हवतं. मग पिऊन गेली आसं का म्हनत्यात, कुनास ठावं."

उठून तिनं घागरीतून तांब्या भरला. देताना पाणी तिच्या मनगटावर सांडलं. मी उभ्यानंच प्यायलो. पाणी कुशीपर्यंत उतरताना जाणवल्यासारखं वाटलं. तिनं दुसरा भरला. त्या संध्याकाळपर्यंत ती येता-जाता माझ्या कपाळाला हात लावून बघत होती. ताप आला असता तर तिनं स्वतःचं काय केलं असतं, याचा विचार मला अजून नको वाटतो. ताप आला नाही.

शेगडी मात्र गेली नाही, कानाचं फडकंही नाही. पोतंही तसंच. फक्त आता ती नळावरूनच ओरडून विचारी, "मुतलास का रं? पांढरं झालं का?" आणि मावशी तिकडून सगळ्या चाळीला सांगे, "झालं म्हन!" कुणाकुणाला तोंड दाखवायचं, हा नवा प्रश्न होता. हळूहळू रंग निवळला, ठणकाही गेला. दारापर्यंत, मग नळापर्यंत चालू लागलो.

तपासणीला पुण्याला जायचं होतं. शटलमध्ये आई पाण्याची बाटली मांडीवर धरून बसली. इस्पितळात माझं नाव पुकारल्यावर मी तिच्याकडे गाठोडं दिलं. ते तिनं व्हरांड्यातच ठेवलं आणि पदर डोक्यावर घेऊन माझ्या पुढे आत शिरली.

"पानी किती पाजायचं ते मला सांगा," ती डॉक्टरांना म्हणाली. "ह्यो मागत न्हाई."