डागी की कुजका

पावस गावात आमच्या शेजारी आंब्याची बाग राखणारे एक काका आहेत. हंगामात ते रोज संध्याकाळी पडवीतल्या पेंढ्याच्या अढीतला प्रत्येक आंबा फिरवून बघतात आणि डागी असेल तो बाजूला काढतात. ते आटपलं की मला हाक येते. "वैनी, आता माझे दोन बघा ओ." आणि पायांचे दोन्ही तळवे समोर करतात. मधुमेहाने त्यांचे पाय रात्रभर जळतात, पण काटा रुतला तर कळत नाही. पोटही मंदावलंय. "सकाळची पेज अजून आत मुक्कामालाच हाय," म्हणतात आणि हसतात.

परवा टाचेत काटा दिसला, भोवती लाल झालेलं. दिवसभर ते त्यावरच चालले होते. मी वाकून नीट बघू लागले.

"डागी की कुजका?" त्यांनीच विचारलं.

"डागी."

"मग झालं." दवाखान्यात जायला त्यांनी शर्ट चढवला आणि निघताना अढीतला एक आंबा माझ्या हातात ठेवला. "उद्या दुपारी कापा. नि कसा लागला ते नीट सांगा. मागच्या वेळी नुसतं 'बरा' म्हणालात, त्याने माझं पोट भरलं नाय."