साठ्यांची एका दिवसाची मुंबई

पॅकिंग खात्यातली आम्ही जुनी माणसं आता लग्नातच भेटतो. तब्येती, मुलं, नातवंडं एवढं बोलून झालं की कुणीतरी हमखास म्हणतं, "साठ्यांची मुंबई आठवते का, राव?" मग पंगत उठली तरी आम्ही बसलेलेच. सहल एका दिवसाची होती, पण किस्से दरवर्षी वाढतात. ज्यांनी ती सहल चुकवली तेसुद्धा हल्ली त्यात असतात! म्हणून मी स्वतः पाहिलं तेवढंच सांगतो.

*

पिंपरीत तेव्हा कारखाने नुकते येत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी, आणि मध्येच एखादी नवी चिमणी. साठे आमचे सुपरवायझर. तरुणपणी काही वर्षं गिरगावात मामाकडे राहिलेले, त्यामुळे मुंबईचे तज्ज्ञ. रविवारी पहाटे निघायचं, मुंबई बघायची, रात्री परत यायचं आणि सोमवारी पहिल्या शिफ्टला सगळे हजर, अशी हमी त्यांनी साहेबांना दिली होती. एक जण जरी चुकला तरी जाब साठ्यांना.

कँटीनमध्ये त्यांनी कार्यक्रम वाचून दाखवला. म्युझियम, गेटवे, राणीची बाग, चौपाटी, हँगिंग गार्डन. प्रत्येक ठिकाणापुढे वेळ लिहिलेली.

चिखलीचे दगडूभाऊ शेती सांभाळून आमच्याकडे नोकरी करायचे. सगळं शांतपणे ऐकून ते म्हणाले, "समदं झ्याक हाय. पन खायाचं कवा?"

साठ्यांनी कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिला.

"ट्राममध्ये," ते म्हणाले.

नंतर मी त्यांना एकटं गाठून विचारलं, एवढं कोंबता कशाला? दोन ठिकाणं कमी करा. ते म्हणाले, "अरे, यातली निम्मी माणसं पुन्हा कधी मुंबईला जाणार नाहीत. एकदाच दाखवायची तर सगळी दाखवू."

*

आदल्या रविवारी साठ्यांनी रंगीत तालीम घेतली. पिशव्या घेऊन सगळ्यांनी पिंपरीहून दापोडीपर्यंत चालत जायचं. म्हणजे आपण किती भरभर चालतो ते कळेल, आणि कार्यक्रम त्या हिशेबाने बसवता येईल.

कासारवाडीला रसाचं गुऱ्हाळ लागलं. तिथे अर्धे जण बसले. पुढे कुणाला ओळखीचा भेटला, कुणाची चप्पल तुटली. दापोडीला साठे पोचले तेव्हा त्यांच्या मागे मी एकटाच होतो. समोरून दगडूभाऊ येत होते. ते कधीच पोचून, मेहुण्याकडे चहा घेऊन परत निघाले होते.

"कुठवर गेला होता?" साठ्यांनी विचारलं.

"तुमीच दापुडी म्हनला न्हवं?"

साठ्यांनी कागद काढला आणि प्रत्येक ठिकाणाची वेळ थोडी वाढवली. फक्त गाडीची वेळ त्यांना वाढवता आली नाही.

*

मुंबईत म्युझियमच्या दारात साठ्यांनी सूचना दिली. "जाताना फक्त डावीकडे बघायचं, येताना उजवीकडे. म्हणजे मान इकडेतिकडे करण्यात वेळ जात नाही."

आम्ही शहाण्यासारखे डावीकडे बघत गेलो. मूर्ती पाहिल्या, तलवारी पाहिल्या. शेवटच्या दालनात साठ्यांना घाई झाली आणि त्यांनी आम्हाला तिथल्याच एका बाजूच्या दाराने बाहेर काढलं.

त्या म्युझियमची उजवी बाजू आमच्यापैकी कुणीही आजतागायत पाहिलेली नाही.

*

गेटवेनंतर ट्राम. "ती फार वेळ थांबत नाही," साठे म्हणाले. "चपळाईने चढायचं. मी दाखवतो, बघा." आणि ते चढले.

खरोखर फार चपळ चढले. आम्ही कौतुकाने बघत राहिलो, तेवढ्यात ट्राम निघाली. साठे पायरीवरून हातवारे करून काहीतरी सांगत होते. ऐकू काही आलं नाही.

कार्यक्रम त्यांच्या खिशात. आम्ही फुटपाथवरच भाकरी सोडल्या. एक पोलीस उठवायला आला. दगडूभाऊंनी त्याला गाव विचारलं, तो जुन्नरकडचा निघाला. मग त्यानेही आमच्यातली भाकरी खाल्ली आणि राणीच्या बागेच्या ट्राममध्ये आम्हाला स्वतः बसवून दिलं.

बागेच्या फाटकाशी साठे उभे होते. चेहरा पांढराफटक. पंधरावीस माणसं मुंबईत हरवली, हे साहेबांना कसं सांगायचं, याची जुळवाजुळव चालली असावी. दगडूभाऊंनी फडक्यातली उरलेली भाकरी त्यांच्या हातावर ठेवली.

"खावा आदी," ते म्हणाले.

*

सोमवारी पहिल्या शिफ्टला आम्ही सगळे हजर होतो, तेव्हा ती काळजी नको. पण चौपाटीचं सांगायचं राहिलं.

दगडूभाऊंची बायको सोनाबाई सहलीला आली होती. दिवसभर ती सगळ्यांच्या मागे, गप्प. वाघ पाहिला तरी गप्प. चौपाटीवर उतरली, तशी सरळ पाण्याच्या कडेला गेली आणि ओल्या वाळूवर बसली. लाट पायांवर यायची, परत जायची.

वेळ संपली. साठ्यांनी सगळ्यांना गोळा केलं. सोनाबाई उठेना. दगडूभाऊ हाक मारून आले. उपयोग झाला नाही. शेवटी साठे स्वतः गेले. मी त्यांच्या मागेच होतो.

"वहिनी, चला. हँगिंग गार्डन राहिलंय. उशीर होतोय."

सोनाबाईने वर पाहिलं नाही. पाण्याकडे बोट करून म्हणाली, "एवढं पाणी थांबू द्या, भावजी. मग निघू."

साठ्यांनी पाण्याकडे पाहिलं. मग बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तिच्यापासून थोडं अंतर ठेवून वाळूत बसले.