एकाच रंगाच्या बॅटऱ्या

मिस्त्रींच्या कपाटात एकच रंग होता, हिरवा. ड्रिल हिरवं, ग्राइंडर हिरवा, करवत हिरवी. लोकांच्या स्वयंपाकघरांत कपाटं बसवायचं त्यांचं काम. दुसऱ्याच्या घरात प्लग शोधण्यात आणि वायरीत पाय अडकवून घेण्यातच उमेदीची वर्षं गेली. मग बॅटरीवरची हत्यारं आली आणि या माणसाने जी हिरवी कंपनी धरली, ती धरलीच. "एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही. पहिलं ड्रिल नीट बघून घ्या, पुढचं सगळं त्याच्यामागे येतं," असं ते येईल त्याला सुनवायचे. कुणी विचारलेलं असो वा नसो.

आता लेकीने विचारलं होतं आणि मिस्त्रींची झोप उडाली होती.

लेक त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. बिजागऱ्या बसवण्यात तर बापाच्या वरताण. ती एक दिवस जेवताना सहज म्हणाली, "बाबा, मला स्वतःचं ड्रिल घ्यायचंय. कुठल्या कंपनीचं घेऊ?"

मिस्त्रींनी हातातला घास परत ताटात ठेवला. स्वतःचं? का, घरातलं काय कुणी पळवून नेलं? पण तोंडाने एवढंच म्हणाले, "बघू की."

त्यांचं गणित सरळ होतं. हिरवं घेतलं तर बॅटऱ्या दोघांत, कपाट एक, कामं एक. निळं नाहीतर पिवळं घेतलं की पोरीची वाट वेगळी. ती जाईल या भीतीने त्यांना अन्न गोड लागेना, पण हे तिला सांगायचं कसं? त्यापेक्षा ड्रिलबद्दल बोलणं सोपं.

मग काय, उठता-बसता पिवळ्या-निळ्यांचा उद्धार! पिवळीचं ड्रिल ताकदीचं, कबूल, पण छताला भोकं पाडायची तर खांदा कामातून गेलाच समज. निळीचं हलकं, हातात छान बसतं, पण पुढे काय? तिच्याकडे रंधा कुठाय? शिवाय तिच्या लहान मशीनची बॅटरी मोठ्या मशीनला चालत नाही, म्हणजे घरातल्या घरात सवतासुभा. आणि हिरवी? हिरवीला नाव ठेवायला जागा नाही! तिचा चार्जर गिरणीसारखा घरघरतो, हे मात्र मिस्त्रींनी सोयीस्कर गाळलं.

"अहो, किती डोकं खाता तिचं!" बायको वैतागली. "घेईल तिला हवं ते."

"आणि भलतंच घेतलं तर?"

"तर काय आभाळ कोसळणार आहे?"

मिस्त्रींपुरतं कोसळणारच होतं.

दुकानात गेल्या गेल्या लेकीने नेमकं निळं उचललं. डोक्यावर धरून पाहिलं, बटण दाबून पाहिलं. त्यात तो दुकानदार, "ताई, सध्या हेच जोरात आहे बरं का!" त्याच्या तोंडात बोळा कोंबावा असं मिस्त्रींना वाटलं. लेकीने ते खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग वळून म्हणाली, "बाबा, तुमच्या बॅटऱ्या हिरव्यालाच बसतील ना?"

"हिरव्यालाच!" ते एवढ्या मोठ्यांदा म्हणाले की शेजारचं गिऱ्हाईक दचकलं.

"मग हिरवंच द्या. नुसतं मशीन, बॅटरी नको."

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन त्यांनी आधी कपाटाचा मधला खण रिकामा केला. "हा तुझा. ठेव इथे."

लेक ड्रिल हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"बाबा, मी पलीकडच्या शहरात कामं घेणार आहे. मैत्रीण आहे जोडीला, खोलीसुद्धा बघितलीय. कधीपासून सांगेन म्हणत होते, तुमचं तोंड बघून धीर होईना. सुरुवातीला तुमच्या जुन्या दोन बॅटऱ्या नेऊ का? म्हणून तर हिरवं घेतलं."

मिस्त्रींना आधी राग आला, मग रडूच यायला लागलं. तिला धरून ठेवायला घसा कोरडा केला, आणि त्याच हिरव्याच्या जोरावर कार्टी निघाली होती! त्यांनी कपाटाकडे तोंड फिरवलं. जुन्या बॅटऱ्यांना हात लावला, मागे घेतला. मग स्वतःच्या ड्रिलची नवी बॅटरी काढली, तिच्या ड्रिलला चढवली आणि बटण दाबून खात्री केली.

"जुन्या नको नेऊस. शिडीवर उभी असशील आणि मध्येच बंद पडायची."

"आणि चार्जर?"

"चार्जर मिळणार नाही," मिस्त्री म्हणाले. "बॅटरी उतरली की घरी यायचं."

लेक हसली. मिस्त्री मात्र हसत नव्हते.